बसलेल्याला हाक मारत नाहीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला जागा नव्हती असं नाही. दर शनिवारी संध्याकाळी टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेले आम्ही पंधरा-वीस जण लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो, आणि एकेक जण उभा राहून आपली घाण बाहेर काढतो. तिथे माझं सगळं सांगून झालंय. ऑफिसात ड्रॉइंग ठेवायच्या नळकांड्यात क्वार्टर लपवायचो ते, मुलीच्या साखरपुड्यात जेवणाच्या टेबलावर कोसळलो ते. लोक हसतात, मान हलवतात, टाळ्या वाजवतात. दारूतलं काहीही सांगता येतं हो. तो प्यायलेला माणूस वेगळा, मी वेगळा, अशी एक सोय असते त्यात. मला जे सांगायचंय ते शुद्धीतलं आहे. दारू सोडून सात महिने झाले होते तेव्हाचं. सकाळचं, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून केलेलं.

तर — कुठून सुरू करू?

दारू सोडली तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. आमच्यात नव्या माणसाला एक जुना माणूस सांभाळायला देतात. मला परांजपेकाका मिळाले. बँकेतून रिटायर झालेले, बावीस वर्षं थेंबाला न शिवलेले, बोलणं अगदी मोजकं. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त मीटिंगला यायला सांगितलं. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, आता रोज सकाळी वीस मिनिटं बसायचं. मी विचारलं, बसून काय करायचं? तर म्हणाले, काही नाही.

प्रार्थना मला येत नव्हती असं नाही. वीस वर्षं एकच प्रार्थना केली होती — देवा, आज बायकोला बाटली सापडू देऊ नकोस. काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मागणं बंद करा. आजारी माणसाच्या उशाशी बसतो ना आपण? तिथे काही करत नाही, काही मागत नाही. तसं बसा." आणि त्यांनी मला गजराचं एक जुनं घड्याळ दिलं, पांढऱ्या तबकडीचं. मोबाइल नको म्हणाले. मोबाइल मी बसायच्या आधी आवाज बंद करून स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवायचो.

बसलो. काय सांगू तुम्हाला — वीस मिनिटं म्हणजे केवढी असतात ते तेव्हा कळलं. गुडघे ठणकायचे. नाकाच्या शेंड्याला खाज सुटायची. श्वासावर लक्ष ठेवा म्हणाले होते, तर चौथ्या श्वासाला मी स्टेशनजवळच्या माझ्या ठरलेल्या बारमध्ये पोचलेलो असायचो. समोर उकडलेल्या चण्यांची बशी, वर लिंबू पिळलेलं, आणि वेटर मला नावाने हाक मारतोय. मग स्वतःला हाताला धरून परत आणायचं. पुन्हा चार श्वास. पुन्हा चणे.

मी काकांकडे तक्रार केली. काका, माझं ध्यान लागत नाही, मला सगळं ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या, नळ, वरच्यांची बादली. ते म्हणाले, "येणारच. बसलं की जास्त ऐकू येतं. कान बंद करायला नाही बसवलं तुम्हाला." हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा खूप प्रयत्न केलाय.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं. सुनंदा माझी बायको. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन. साड्यांना फॉल-पिको करून देते. गेली तीस वर्षं तेच. माझी दारू चालू होती तेव्हा घर त्या मशीनवर चाललं, हे वेगळं सांगायला नको. तर मी आतल्या खोलीत बसायला लागलो तशी तिने न सांगता मशीन थांबवली. सकाळी साडेसहाला ती कामाला बसायची, ती सातला बसायला लागली. मी म्हटलं, अगं चालू दे. तर नाही. तिचे वडील कोकणात, देवाची पूजा सोवळ्याने करणारे. ते पूजेला बसले की घरातलं कुणी त्यांना हाक मारत नसे. एकदा म्हणे गोठ्यातली गाय सुटून शेजाऱ्याच्या वाडीत शिरली, तरी सगळी भावंडं देवघराच्या दाराशी उभी, हाक कुणी मारली नाही. बसलेल्याला हाक मारत नाहीत — हा तिचा नियम. तिथून तो सरळ आमच्या दोन खोल्यांत आला.

आणि मला तो आवडला.

खरं सांगतो, खूपच आवडला. ज्या बाईने वीस वर्षं माझ्या तोंडाचा वास घेऊन मला घरात घेतलं, ती आता दार लोटून घेऊन चवड्यांवर चालत होती. साडेसहा ते सात या अर्ध्या तासात जगाने मला काही विचारायचं नाही. गॅस संपला, सोसायटीचं पत्र आलं, मुलीच्या सासूचा फोन आहे — सगळं सातनंतर. मी वीस मिनिटांची बैठक अर्ध्या तासाची केली ती परमेश्वरासाठी नाही. मला कोणी काही मागू नये म्हणून केली. घड्याळाचा गजर मात्र वीसचाच राहिला. तो वाजला की मी बंद करायचो आणि तसाच आणखी थोडा वेळ बसून राहायचो. तिला वाटायचं, वाढतंय ध्यान.

एकदा शेजारच्या कुलकर्णीवहिनी काहीतरी मागायला आल्या. सुनंदा त्यांना दारातच हळू आवाजात म्हणाली, "हाक मारली ना, तरी ऐकूच जात नाही हो त्यांना आता. इतके आत गेलेले असतात." मी आत, डोळे मिटून, एकेक अक्षर ऐकलं. तिच्या आवाजात जे होतं ते मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कौतुक होतं ते. त्याआधी माझ्याबद्दल ती शेजाऱ्यांना काय सांगायची? ताप आहे. बाहेरगावी गेलेत. पाय मुरगळलाय. बिचारीला पहिल्यांदाच काहीतरी अभिमानाने सांगायला मिळालं होतं, ते कसं खोडून काढायचं — हे बघा, आलीच सबब. मी सबब सांगायची नाही असं ठरवून बसलोय. मी तिला बोललो नाही, कारण मलाही ते ऐकायला गोड लागलं. बस.

याच सुमाराला विलास आला.

टिटवाळ्याला राहायचा. कल्याणच्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम, त्यामुळे बोटांच्या टोकांना कायम खळ वाळलेली. अडतीस वर्षांचा. घरी बायको आणि एक मुलगी. काकांचे गुडघे गेले होते, म्हणून ते मला म्हणाले, याला तुम्ही सांभाळा. मी म्हटलं, मीच अजून कच्चा आहे. ते म्हणाले, दुसऱ्याला सांभाळल्याशिवाय आपलं टिकत नाही.

विलास फार बोलायचा. रोज संध्याकाळी फोन. दादा, आज मेव्हणा असं बोलला. दादा, मालकाने तसं केलं. दादा, स्वप्नात पुन्हा प्यायलो. आलटून पालटून याच तीन गोष्टी, पाऊण-पाऊण तास. मी फोन कानाला लावून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो आणि मधेमधे हं म्हणायचो. त्याला कळत नसेल का? मला वाटतं, कळत असणार. पण त्याला हं सुद्धा पुरत होतं.

बसायला मीच त्याला शिकवलं. काकांनी मला जे सांगितलं तेच, तसंच, उशाशी बसण्यासकट. आठव्या-नवव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज अगदी लहान झाला होता. दादा, आज सगळं गप्प झालं. आत, बाहेर. मला रडूच आलं. — मी म्हटलं, छान, छान. आणि फोन ठेवून कितीतरी वेळ मी त्या डाळीच्या डब्याकडे बघत उभा होतो. मी चार महिने बसत होतो आणि मला चणे सोडून काही दिसलं नव्हतं.

पण मी जे केलं त्याचं हेही कारण नव्हे. मत्सर होता, पण त्या सकाळी मत्सर नव्हता.

त्या सकाळी मी साडेसहाला बसलो. दहाएक मिनिटं झाली असतील, दाराची बेल वाजली. सुनंदाने दार उघडलं. विलासचा आवाज. वहिनी, दादा आहेत का? माणसाचा आवाज एवढ्या शब्दांत कळतो, विशेषतः आमच्यासारख्यांना. तो प्यायलेला नव्हता. प्यायच्या अगदी काठावर उभा होता. टिटवाळ्याहून निघून, वाटेतले सगळे गुत्ते ओलांडून तो माझ्या दारापर्यंत आला होता.

सुनंदा म्हणाली, "ते बसलेत. होईलच आता. बसा, चहा टाकते."

"चहा नको वहिनी. जरा उठवता का त्यांना? फोन पण लावला मी, उचलला नाही."

"अहो, उठवत नाही त्यांना. हाक मारली तरी ऐकू नाही जात. दहा मिनिटं बसा ना भाऊ."

मधे एक लोटलेलं दार होतं. आठ पावलं असतील. मी मांडी घालून बसलो होतो, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. मला सगळं ऐकू येत होतं. तो दिवाणावर बसला ते. त्याचा पाय हलायला लागला ते — आमच्या दिवाणाची एक फळी सैल होती, ती टक टक टक वाजत होती. चहाचं भांडं ठेवल्याचं. त्याने दोनदा घसा साफ केला, एवढ्याचसाठी की मला ऐकू यावं.

मी डोळे उघडले. घड्याळ समोर होतं. गजराला दोन मिनिटं बाकी होती.

आता ऐका. मी हात पुढे केला आणि गजराचं बटण खाली दाबलं. वाजायच्या आधी. हळूच, टक आवाजही होऊ न देता. मग हात परत गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

का? बारा वर्षं मी स्वतःला हे विचारतोय, आणि वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिलीत. त्याच दिवशी मला पहिल्यांदा शांत वाटत होतं, ते सोडवेना — हे एक. ऐकायला बरं आहे, पण खोटं आहे. मला भीती वाटली, तो काठावर आहे तर माझाही पाय घसरेल — हे दुसरं. हे मी जवळजवळ खरं मानत आलो होतो. भित्र्या माणसाला लोक सांभाळून घेतात. पण भीती नव्हती हो. मला कंटाळा आला होता. बस, इतकंच. पुन्हा मेव्हणा, पुन्हा मालक, पुन्हा स्वप्न. सकाळी सकाळी नको, एवढंच मनात आलं. एखाद्याला विक्रेत्याची बेल ऐकून पंख्याखाली पडून राहावंसं वाटतं ना, तितपत. एवढ्याशा कंटाळ्यापायी माणूस एवढं करतो, यावर माझाही विश्वास बसला नसता.

टक टक थांबलं. कप ठेवल्याचा आवाज. येतो वहिनी. सुनंदा म्हणाली, अहो थांबा ना, आता उठतीलच. तो म्हणाला, असू दे, नंतर फोन करतो. मग दार. मग जिना. मी आणखी पाच मिनिटं बसलो. तीन मजले उतरून तो गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत.

मग उठलो, बाहेर आलो. दिवाणाशेजारी स्टुलावर अर्धा चहा होता, साय धरत आलेला. मी सुनंदाला विचारलं, "कोण आलं होतं गं?"

हेच ते. यालाच मी इतका वेळ वळसे घालत होतो. वीस वर्षांत मी त्या बाईशी हजार वेळा खोटं बोललो असेन, पण त्यातलं प्रत्येक तिला कळलेलं होतं. हे एकच तिला कळलं नाही.

फोन बघितला, त्याचे तीन मिस्ड कॉल होते. मी लावला, तर बंद. संध्याकाळपर्यंत लावला असेन, दहा-बारा वेळा. तेव्हा मात्र कंटाळा आला नाही. विलास त्या सकाळपासून प्यायला लागला तो थांबलाच नाही. अकराव्या दिवशी कल्याणच्या एका हॉस्पिटलात वारला.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा सुनंदा मशीनवर होती. साडी तशीच सुईखाली ठेवून तिने मला विचारलं, "मी उठवलं असतं तर?" मी तिच्याकडे बघितलं. बोलायची ती वेळ होती. त्याहून सोपी वेळ पुन्हा आली नाही. आणि मी — मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "तुझी काही चूक नाही. तुला काय माहीत?" अगदी प्रेमाने म्हणालो. मी तिला माफ केलं. माझा गुन्हा तिच्या पदरात घातला आणि वर तिला माफ केलं, समजलं का तुम्हाला?

आम्ही टिटवाळ्याला भेटायला गेलो. मी चटईवर बसून जमिनीकडे बघत होतो. सुनंदाने विलासच्या बायकोचा हात हातात घेतला आणि आपणहून सांगितलं, भाऊ आले होते त्या दिवशी, उठवा म्हणाले होते, मी उठवलं नाही. त्याच्या बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, दादा अर्धा तासच बसतात ना? मला वाटलेलं हे तुमच्याकडे गेलेत म्हणजे आता काळजी नाही." आणि तिने आपला हात सोडवून घेतला. सुनंदाचा हात तिथेच चटईवर राहिला. मी तो उचलला नाही.

परांजपेकाकांनी मला एकदाच विचारलं. मीटिंग संपल्यावर बाक सरळ करता करता. "खरंच ऐकू आलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही काका. त्यांनी हातातला बाक रांगेत लावला आणि म्हणाले, बरं. ज्या माणसाने मला सांगितलं होतं की बसलं की जास्त ऐकू येतं, त्याला मी हे सांगितलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत माझ्याशी नीट वागले, पण त्यानंतर नवा माणूस सांभाळायला त्यांनी मला कधी दिला नाही. ते गेल्यावर इतरांनी द्यायला सुरुवात केली. आता पाच आहेत. एक तर घोडबंदर रोडवरून त्या सगळ्या ट्रॅफिकमधून गाडी काढून येतो, मी शांततेवर बोलतो ते ऐकायला. मी चांगलं बोलतो. उशाशी बसल्यासारखं बसा, असं सांगतो.

या वर्षी बारा झाली. बारा वर्षांत थेंब नाही, हे खरं आहे. रोज बसतो, हेही खरं आहे. कधीकधी आत खरंच गप्प होतं. विलास म्हणाला होता तसं. आणि गप्प झालं की पहिला आवाज येतो तो फळीचा. तो दिवाण आम्ही कधीच काढून टाकला.

सुनंदाने मात्र नियम बदलला. विलास गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी बसलो की ती माझ्या दाराबाहेर पाटावर बसते. मशीन अजूनही बंदच असते. ती जप करत नाही, भाजी निवडत नाही, नुसती बसते. आणि बेल वाजली, कुणाचीही असो, की आधी आत येऊन माझ्या खांद्याला हात लावते, मग जाऊन दार उघडते. अहो, उठा, कोणीतरी आलंय. दूधवाला, कुरिअर, मीटर बघणारा, पत्ता चुकलेला. बारा वर्षांत एकदाही तिने बेलला आधी उत्तर दिलेलं नाही. तिच्या गुडघ्यांना आता पाटावरून उठणं जड जातं, भिंतीला हात लावून उठते. मी म्हटलं होतं एकदा, खुर्ची घे. म्हणाली, खुर्चीवर डोळा लागतो.

आज सकाळीही बेल वाजली. मला ऐकू आली. भिंतीला तिचा हात लागल्याचं ऐकू आलं, बांगडी घासल्याचं, तिचा श्वास, चार पावलं. मी डोळे मिटूनच होतो, कारण तसं ठरलंय — तिने येऊन हात लावायचा आणि मग मी लांबून परत आल्यासारखे डोळे उघडायचे. तिने हात लावला. मी उघडले. इस्त्रीवाला होता. कपडे घेऊन दार लावून ती आत आली आणि दरवेळी विचारते तसं विचारलं, "लागलं होतं ना छान? मोडलं माझ्यामुळे."

"असू दे गं," मी म्हटलं.

म्हणजे आज पुन्हा एकदा मी तिला माफ केलं.